हयातीचा दाखला

स्वयंपाकघरातल्या टेबलावर इक्वेडोरचा नकाशा.
गुंडाळून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर
मीठदाणी, हाइड्रुनचा चष्मा, काकडीच्या लोणच्याची बरणी
आणि पाऊण इंची पितळी एल्बो.
बाहेर नोव्हेंबर. त्स्विकाऊत
चार वाजताच दिवस दुकान बंद करून निघून जातो.

चौतीस हिवाळे मी लोकांच्या तळघरांत उतरलो.
गुडघे टेकून बॉयलरशी बोललो,
नळ्यांना कान लावला, अडकलेली हवा सोडली,
काजळीचे हात पुसत वर आलो तेव्हा
वरच्या घरात कुणीतरी स्वेटर काढत असे.
तेवढीच कमाई.
बाकी पगार.

आता जायचंय तिथे तळघर नाही.
पत्र्याचं छप्पर, चार खांब, आणि भिंतींना
ऊब धरून ठेवायचं कामच नाही.
अख्खा देश फुकट तापलेला.
माझ्यासारख्यानं तिथे
हातांचं काय करायचं?

हाइड्रुन याद्या करते.
न्यायचं. विकायचं. इनेसला द्यायचं.
तिचे हिवाळी बूट दोन दिवस पहिल्या ढिगात होते,
मंगळवारी दुसऱ्यात,
रात्री पुन्हा दाराशी, नेहमीच्या जागी.
मी काही बोललो नाही.
अक्रोडाचं कपाट राहणार. तिथली वाळवी, म्हणे,
वर्षभरात फडशा पाडते.
‘वाळवीला तरी कळलं असतं
चांगलं लाकूड कशाला म्हणतात,’ ती म्हणाली,
आणि जे न्यायचंच नाही ते
फडक्यानं पुसत राहिली.

कचेरीत एक तरुण मुलगी, नखांवर बारीक चांदण्या.
तिनं शिक्का मारला.
एक जानेवारीपासून आम्ही, कागदोपत्री,
कुठेच राहत नाही.
पेन्शनवाल्यांनी मात्र सोडलं नाही:
दरवर्षी एक फॉर्म येईल,
तिथल्या कुणा साहेबासमोर उभं राहून
भरून पाठवायचा, की मी जिवंत आहे.
हाइड्रुन हसली.
‘इथे इतकी वर्षं कुणी विचारलंसुद्धा नाही तुला!’

एक गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती.
सासूबाईंच्या थडग्याचं भाडं
दोन हजार एकतीसपर्यंत भरलेलं आहे.
आमच्याकडे मेल्यावरही जागा मुदतीनं मिळते.
मुदत सरली की दगड उचलतात, गवत पेरतात.
रविवारी गेलो. तिनं बेगोनिया उपटले,
आणि लावली पाणी न मागणारी,
जाड पानांची, दगडालाच चिकटून राहणारी रोपं.
मग मातीतून हात काढेना.
मी झारी भरून आणली. गरज नव्हती, तरी घातलं.
परतताना म्हणाली,
‘तिथे बारा महिने सहाच्या सुमारालाच मावळतं म्हणे.
मग वर्ष सरलेलं कळायचं कसं?’
मला उत्तर सुचेपर्यंत
ट्राम आली.

घर घेतलंय दाल्वा मातुसेनं. नर्स आहे.
तिचे वडील मोझांबिकहून आले होते, भिंत पडायच्या आधी,
इथल्या सूतगिरणीत; जूनमध्येही मोजे घालतात.
त्यांनी ना बाग पाहिली, ना छप्पर.
थेट विचारलं, ‘बॉयलर कसा आहे?’
मी त्यांना खाली घेऊन गेलो.
दोन म्हातारे तासभर तळघरात.
त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, बराच वेळ,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
वर येताना जिन्यात थांबून
मला एवढंच सांगितलं:
‘पहिली दोन वर्षं झोप लागणार नाही.
रात्री फार आवाज असतात तिकडे.’

काल सगळ्यात शेवटी चिकटपट्टीचा तुकडा फाडला
आणि नळीवर डकवून
मोठ्या अक्षरांत लिहिलं:
हा व्हॉल्व्ह उजवीकडे, पाव वळसा.
जोर लावू नये.
थोडा वेळ कुरकुरेल,
मग ऐकेल.