साडेसातचा अंधार

झोका, घुंगरू, आरसा
मोठ्या पिंजऱ्यातच राहू द्यायचे.
झोपायच्या पिंजऱ्यात एकच दांडी,
पेरूची, सालीसकट.

बर्डीवरून आणला म्हणून नाव बर्डी.
पुण्याच्या भाच्यांना वाटतं, इंग्रजी.

साडेसातला बोटावर घेतो,
कूलरचा झोत चुकवून आतल्या खोलीत.
तो तुरा पाडतो, एक पाय पोटात ओढतो
आणि चोचीवर चोच घासत
सुपारी कातरल्यासारखा बारीक आवाज करतो.
म्हणजे आता झोपेल.

चादर तीन बाजूंनीच. चौथी उघडी.
हे कळायला एक रात्र गेली:
भिंतीवर पाल चुकचुकली
आणि अख्खा काळोख तारांवर आपटत राहिला.
सकाळी तळाशी करडं पीस,
रक्ताचे दोन थेंब.
तेव्हापासून कोपऱ्यात झिरोचा बल्ब.

शेजारचे ढवळे विचारतात,
"काऊन जी, पाखराले बी टाइमटेबल?"
मी डबा भरतो.

माझी पाळी दहाची, कोराडीला.
रात्रभर चिमण्यांखाली उभा असतो,
आणि दूर नागपूर लखलखत असतं,
पार फुटाळ्यापर्यंत.
त्यातला चिमूटभर उजेड माझ्या हातचा.
घरी मात्र मी
एका मुठीएवढ्या जिवासाठी
बारा तासांचा अंधार जमवून आलेलो.

सकाळी चादर काढली की
बर्डी तुरा उभारून शिट्टी घालतो:
पाळी सुटल्याचा भोंगा, हुबेहूब.

मी पडदे ओढतो, आडवा होतो,
तीच चादर डोळ्यांवर घेतो.
तिला राळ्याचा वास येतो.