कपबशी

दैवशालाबाई खिल्लारे,
तुमचं नाव भिंतीवर काढताना
शेवटचा 'रे' मावला नाही,
खालच्या ओळीत घेतला. राग नका धरू.

आजवर ज्यानं रंगाचा डबा दिला
त्याचं नाव काढलं, जोडलेले हातही काढले.
हा डबा माझा आहे.

वसमतला आमच्या गल्लीत
नळ नवव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला,
आणि तुम्ही दारोदार कड्या वाजवत फिरता,
"उठा बायांनो, पाणी आलंय."
फिरून घरी पोचेस्तोवर
तुमच्याच नळाला नुसती हवा.

निवडून आलात तर
पाणी दिवसा सोडायला लावा.
रात्रीचं झोपा थोडं.

कपबशी अजून ओली आहे.
टेकू नका कुणी.