ऑल्टच्या बटणाखाली

रत्नप्रभा आंगणे सांगून गेल्या:
यांचा फोटो मोठा करा, बारा बाय अठरा,
आणि खांद्यावरचा तो हात काढा.
कुणाचा, ते बोलल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.
कुर्ल्याच्या पाईप रोडवर सगळ्यांना ठाऊक आहे
लेथच्या वर्कशॉपची पाटी कुणी उतरवली
आणि कोर्टात पहिला कागद कुणी टाकला.

फोटो दसऱ्याचा. मशीनला झेंडू.
आंगणे चौकड्यांच्या शर्टात, अर्धवट हसताना,
उजव्या खांद्यावर चार बोटं,
एका बोटात पोवळ्याची अंगठी.
बाकीचा माणूस आधीच कुणीतरी कात्रीने कापलेला.

मी क्लोन स्टॅम्प घेतला.
दंडावरच्या चौकड्या उचलायच्या, बोटांवर ठेवायच्या,
दहा मिनिटांचं काम.
क्लिक केलं. काही नाही.
पुन्हा केलं. बोटं जागच्या जागी.
ब्रश मोठा केला, ओपॅसिटी शंभर,
लेअरला कुलूप आहे का पाहिलं, नव्हतं.
कुठे सिलेक्शन अडकलंय म्हणून तेही सोडलं.
ब्रशच्या गोलाऐवजी नुसतं नेमबाजाचं निशाण,
पोवळ्यावर थरथरत.

फैजानला फोन लावला.
म्हणाला, टूल रीसेट मारो चाचा.
मारलं.
म्हणाला, प्रेफरन्स उडाव.
उडवल्या.
अठरा वर्षं जमवलेले माझे ब्रश गेले,
हात राहिला.
लॅमिंग्टन रोडवरनं आणलेल्या त्या जुन्या सीडीला
मी मालवणीतल्या चार शिव्या घातल्या
आणि पंखा वाढवला.

दुपारी, पासपोर्टची गिऱ्हाइकं उरकल्यावर
बिलावर नाव टाइप करायला गेलो,
तर अक्षरं उमटेनात, मेनूच उघडायला लागले.
तेव्हा ट्यूब पेटली.
टूल ठणठणीत होतं.
ऑल्टचं बटण दबून बसलं होतं, वर येत नव्हतं.
मला वाटे मी रंगवतोय,
मशीनला वाटे हा अजून ठरवतोच आहे
चौकडी कुठून घ्यायची:
इथून? की इथून?
सकाळभर मी नुसती जागा दाखवत होतो.

नेलकटरच्या पात्याने बटण उचकटलं.
खाली चहाची साखर, धूळ,
आणि पासपोर्ट फोटोची कापून उडालेली कड,
तांदळाच्या कणीएवढी.
त्यात कुणाच्या तरी कानाची पाळी.
कुणाची, ते कसं कळणार?
तरी मी ती फेकली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली.
स्पिरिटचा बोळा फिरवला. टक् करून बटण बसलं.

मग बोटं भराभर गेली,
करंगळी आधी, पोवळं शेवटी.
रेघेला रेघ जुळवली, शिवणीपाशी जरा दमवलं.
आंगणे एकटे उभे राहिले.

पण उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली,
वर कुणी रेलून असावं तसा.
त्यालाही टूल आहे. ओढून वर घेता येतो.
घेतला.
तर हसू कसंतरीच दिसायला लागलं,
कशाला हसतोय हा माणूस, कळेना.
परत खाली सोडला.

संध्याकाळी बाई आल्या. चष्मा पुसला.
हाताच्या जागी अंगठा फिरवून पाहिला,
छान काढलात, म्हणाल्या.
पैसे मोजता मोजता थांबल्या.
"यांचा खांदा असा होता?"
"कॅमेऱ्याचा कोन आहे," मी म्हटलं,
आणि पन्नास रुपये कमी घेतले.