गृहभेट, परदेशीपुरा, इंदूर

दुसरा मजला. एकोणतीस पायऱ्या मोजल्या;
सिलिंडर वर आणणाऱ्या पोरालाही त्या मोजाव्या लागतील.
फॉर्मवर लिहिते: मशीन पलंगापाशी, भिंतीपासून वीतभर दूर.
मिनिटाला दोन लिटर, दिवसाचे सोळा तास.
लाइट गेली तर लहान सिलिंडर, तो पुरतो चार तास.
शेगडी आणि देवापुढचं निरांजन: सहा हात लांब.

बुळेकाका ऐकतात. बत्तीस वर्षं मिलच्या कताई खात्यात
कापूस नाकावाटे आत जात राहिला.
आता एक वाक्य दोन हप्त्यांत बोलतात:
"निरांजन... नलू लावेल.
चहा मात्र... माझा मीच करतो."

मी टेप सोडते. पलंग ते मोरी, सात मीटर.
मोरी ते स्वयंपाकघराचा उंबरा, तीन.
"अजून," म्हणतात, आणि टेपचं टोक हातात घेऊन
चालू लागतात, थांबतात, भिंत धरतात,
पार जिन्याच्या दारापर्यंत.
कडी काढतात. परत लावतात.

"कोणी आलं... की पलंगावरूनच 'कोण' विचारायचं...
बरं नाही दिसत."

फॉर्मवर यासाठी रकाना नाही.
नळी पंधरा मीटर, लिहिते मी समासात.
कारण: कडी.