एकोणनव्वद

देशाला एक गाणं निवडायचं होतं,
बाहेरच्या स्पर्धेला पाठवायला.
मुंबईत तारीख मिळेना, पुण्याचं भाडं परवडेना,
म्हणून देश सोलापुरात आला,
तोही गड्ड्याच्या जत्रेत,
लॉजची एक खोली शिल्लक नसताना.
परीक्षकांना चादरी दिल्या, शेंगाचटणीचे पुडे दिले.
मला दिली वही, दोन पेनं
आणि फोनजवळची खुर्ची.
सूतगिरणीत सव्वीस वर्षं हजेरी मांडलेला माणूस,
याची बेरीज चुकायची नाही, म्हणाले.

बेरीज चुकली नाही.

अकरा गाणी. नववं नरसूबाई गुर्रमचं.
नियम असे: तीन मिनिटं, स्टेजवर सहाजण, भाषा एक.
तिचं गाणं सुरू व्हायचं आमच्या तेलुगूत,
विडीला दोरा बांधेपर्यंत कन्नडात शिरायचं,
धृवपद मराठी,
आणि नवऱ्याला अडवायचं तिथं
बेगमपेठेतल्या मैत्रिणीचा ‘नक्को’.
अर्जात ‘भाषा’पुढं मी बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग लिहिलं, सोलापुरी.
कुणी विचारलं नाही.

वाद्य म्हणून तिनं कात्री आणली होती, पानं कातरायची.
माइकनं ती पकडली का,
मला अजून माहीत नाही.

मग फोन.
जोधपूर बोललं, कोची बोलली,
गुवाहाटी तीनदा कट होऊन बोलली.
शेवटी कोल्हापूरचे परीक्षक, तोंडात पान,
मागं कुणाच्या तरी वरातीचा बँड:
“नववं गाणं, एकोण...”
आणि ढोल.

आता हे समजून घ्या.
आमच्या मोजणीत ‘एकोण’ नाही.
डेब्बै तोम्मिदी म्हणजे सत्तर आणि वर नऊ,
आहे तेवढं सांगतो आम्ही,
पुढचा दहा उसना आणून
त्यातला एक परत करत बसत नाही.
चौथीत याच एकोणपायी गुरुजींनी
पट्टी उभी धरून मारलं होतं, थंडीत, बोटांवर.
परत विचारायला हवं होतं.
समोर मंत्री घड्याळ बघत होते.
बोटांनी लिहिलं ७९.

चार गुणांनी दुसरं गाणं देशाचं झालं.
चमकत्या जाकिटातला पोरगा. बरा गायला, खोटं कशाला बोलू.
तिकडं बर्फाच्या गावात खालून तिसरा आला.

अकरा दिवसांनी पोस्टानं पत्रिका आली,
सहीशिक्क्याची, आकड्यात आणि अक्षरी.
अक्षरी: एकोणनव्वद फक्त.
त्या ‘फक्त’कडं मी जेवण होईपर्यंत बघत होतो.

कुंभारीच्या वसाहतीत गेलो.
नरसूबाई दारात, मांडीवर सूप,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं.
सगळं सांगितलं. तेलुगूत सांगितलं,
आकडा तेवढा मराठीत.
तिनं विडीचं तोंड नखानं दाबून बंद केलं.
“हजारात पन्नास छाटतेत रोज,” म्हणाली,
“चांगल्या पण असतेत त्यात.
तुम्ही एकच छाटला की ओ.”
आणि आत बघून, “चहा टाक गं.”

मी शिव्या खायला गेलो होतो.
चहा प्यायला. साखर जास्त होती.

पोरगी आली, कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये,
कागद घेतला, मोठ्यानं वाचला, “एटी नाइन.”
“म्हंजे किती?” नरसूबाईनं मला विचारलं.
तेव्हा तो आकडा
पहिल्यांदा माझ्या तोंडून सरळ निघाला:
एनभै तोम्मिदी.
“अस्सं होय,” ती हसली, “सोपं आहे की मग.”
कागद घडी करून तिनं
पान मापायच्या पत्र्याखाली सरकवला, उडू नये म्हणून,
आणि कात्री उचलली.