खरं

आमच्या बेळगावात ‘पण’ म्हणत नाहीत,
‘खरं’ म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
कापड चांगलं आहे, खरं रंग जाईल.
बाईमाणसंसुद्धा ‘येतो’च म्हणतात.
पुण्याच्या जावेला दोन्हीचं हसू येतं.
म्हणते, तुमचं सगळंच कसं गं खरं?

खासबागेत माझं शिलाईचं दुकान. दोन मशिनी,
आणि काउंटरवर तो डबा,
पैसे आले की कानडीत बोलणारा.
नूरु रूपायी. ऐनूरु रूपायी.
आकड्यांपलीकडचं कानडी त्याला येत नाही,
मलाही फार नाही,
तेवढ्यावर आमचं दोघांचं भागतं.

गेल्या श्रावणात फोन आला, हिंदीतून.
कॅम्पातून बोलतोय, मॅडम.
चाळीस उशांचे अभ्रे पाहिजेत, जवानांसाठी.
कॅम्पातली पोरं वीस वर्षं येतात माझ्याकडे,
बिल्ले लावून घेतात, पँट आत घेतात,
सुट्टीच्या गाडीआधी उंबऱ्यात उभी राहून घाई करतात.
म्हणून विचारलं नाही, कुठला गेट, कुणाची सही.
रात्री जागून शिवले.
माल तयार म्हटल्यावर तो म्हणाला,
आमचे पैसे वेगळ्या पद्धतीनं येतात,
हा चौकोन स्कॅन करा, पिन घाला, जमा होतील.
घातला.
डबा गप्प.
अजून एकदा घाला म्हणाला. घातला.
आठ हजार चारशे.

पोरगी कॉलेजातून आली, बघितलं, कपाळाला हात लावला.
गे आई, पैसे द्यायला दारात आलेला माणूस
आपल्या कपाटाची किल्ली कशाला मागेल?
तिनंच एकोणीसशे तीस लावला.
पलीकडची बाई कानडीत, मी मराठीत, मधे पोरगी.
तीन हजार कुठल्याशा खात्यात अडवलेले सापडले.
बाकीचे गेले.
अभ्रे राहिले. घरात उशा चार,
अभ्रे चाळीस.

दिवाळीच्या तोंडावर दुसरा फोन.
मावशी, मी कपिलेश. हुबळीत दवाखान्यात आहे,
हा नंबर मित्राचा. वीस हजार लागतील आत्ताच्या आत्ता,
उद्या देतो, पण आईला सांगू नका.
आवाज त्याचाच. तसाच नाकातला.
माझा हात मोबाइलकडे गेलाही होता.

पण?

मशीनवरचा पाय थांबला.
माझ्या बहिणीचं पोरगं, वडगावात वाढलेलं,
जन्मात ‘पण’ म्हणालं नाही,
आणि मला ‘सांगू नका’?
म्हटलं, ठेव, मी लावतो तुला.
तिकडे क्षणभर काहीच नाही, मग,
हॅलो, कोण बोलतंय? मावशींना द्या ना.

ठेवला.
मापाच्या वहीत, मागच्या पानावर, जुना नंबर.
कपिलेशनं तिसऱ्या रिंगला उचलला.
काय गे मावशी? जेवूलोय की.

त्या रात्री मीच शहाणा, असं वाटत होतं.
पोरगी म्हणाली, फुगू नको.
आवाज चोरला, उद्या ‘खरं’ पण चोरतील.
तू वहीतला नंबरच लावत जा.
‘खरं पण’ म्हणालीस, म्हटलं. दोघी हसलो,
खरं मी ते पान फाटू नये म्हणून
कडेनं टीप मारून ठेवली.

आज मलप्रभा सांबरेकर आली, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक.
अस्तराचा ब्लाऊज, पाचशे.
मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, हिरवी टिक.
गेले बघ.
गेले असतील, म्हटलं, खरं...
तिचा चेहरा उतरला. मला कळलं.
वाक्य पुरं करता आलं नाही.
ब्लाऊज माझ्याच हातात,
आणि दोघी उभ्या,
त्या डब्याच्या तोंडाकडे बघत.