दहा किलोच्या आतलं

चंदनझिऱ्याच्या पुढं, रोलिंग मिलच्या रांगेत
माझी केबिन. भंगाराचे ट्रक येतात.
भरलेले मोजतो, रिकामे मोजतो,
वजाबाकी करून पावती फाडतो.
बारा वर्षं झाली.

उद्धव खिल्लारे रात्रपाळी सुटली की यायचा,
ट्रक नसला की धर्मकाट्यावर उभा राहायचा.
"बघ की, किती भरतो."
काटा म्हणायचा साठ.
दहा किलोच्या आतलं त्याला कळत नाही,
त्याला लोखंडाची सवय.
उद्धव हसायचा. त्याचं तर सगळं
त्या दहा किलोच्या आतच चाललेलं.

सत्तावन्न. सहा वर्षं सत्तावन्न.
लढतीच्या आधी चार दिवस भट्टीजवळ
प्लास्टिकचा कोट घालून दोरीच्या उड्या,
बाटलीत थुंकायचं, चूळ भरून टाकून द्यायची,
मोसंबीच्या एका फोडीकडं बघत बसायचं.
एकदा शेवटच्या शंभर ग्रॅमसाठी
वहाब सरांनी त्याचं डोकं भादरलं.
केसांचे निघाले साठ.
सर म्हणाले, उरलेले विचारांचे असतील, थुंक.

मग सत्तावन्नात मारायला कुणी उरलं नाही.
एक रेल्वेत लागला, एकाचा डोळा गेला.
आणि ज्याच्याशी लढलं तर नाव होतं
तो रोहतकचा, एकसष्टात,
चौदा लढती, चौदा जिंकलेल्या.
त्यानं कशाला खाली यावं?
"मंग मीच जातो वर," उद्धव म्हणला.
"चार किलो म्हंजे काय, शेळीचं पिल्लू."

त्याची माय तेवढी खूश.
सहा वर्षं पोराचं ताट तसंच परत यायचं,
आता ज्वारीच्या भाकरी, अंडी, शेंगदाण्याचा कूट,
वाढ म्हणायच्या आधी वाटी पुढं.
गल्लीभर सांगत सुटली : खायलाय आता, खायलाय!
वहाब सर मात्र गप्प. एकदाच म्हणाले,
"तू जड व्हायलास. तो जडच जन्मला."

हैदराबादला आदल्या दिवशी वजनं झाली.
उद्धव दोन इडल्या खाऊन चढला, साठ किलो नऊशे.
मग त्याला आणलं, दोघांनी दंडाला धरून.
गाल आत, ओठ फुटलेले,
टॉवेलच्या आडोशाला नागडा उभा राहिला
तेव्हा कुठं एकसष्ट दोनशे.
सहासष्टावरून उतरला होता तो.
म्हणजे दोघं एका पायरीवर भेटले,
हा चढत आलेला, तो उतरत.
उद्धवनं त्याच्याकडं पाहिलं.
दया नव्हती त्यात.
आपलीच चप्पल दुसऱ्याच्या दारात दिसावी, तसं.

रात्रीत त्यानं पाणी पिलं, भात खाल्ला, मीठ चाटलं, झोपला.
दुसऱ्या संध्याकाळी रिंगणात आला तो
कालचा नव्हताच.
घंटा वाजते तेव्हाचं वजन
कुणीच करत नाही.

आठ फेऱ्या. पाचवीत बरगडीखाली डावा बसला
आणि उद्धव गुडघ्यावर आला, सातला उठला.
दोन पंचांनी त्याला दिली, एकानं ह्याला.
पण तिसऱ्या फेरीत, सांगतो,
रोहतकचा एक पाऊल मागं गेला.
एकच.
टाळ्या नाही पडल्या. मी मोजलं.

तीन दिवसांनी पहाटे दोनला आला,
एक डोळा पुरता मिटलेला, हातात डबा.
काट्यावर उभा राहिला.
"किती?"
"साठ."
"गेल्ता तेव्हा?"
"साठच."
म्हणलं, जातो का परत सत्तावन्नला?
बोलला नाही. तिथंच मांडी घातली,
डबा उघडला, भाकर मोडली.
जबडा हलत नव्हता नीट, कुस्करून, हळूहळू.

मागं भंगाराचा ट्रक येऊन थांबला.
हॉर्न दिला. परत दिला.
मी हिरवा दिवा लावला नाही.
खाऊ दे म्हणलं.
आकडा हलला नाही,
तो हलणारही नव्हता.